'अनाथ' नेमके कोणाला म्हणायचे? बोलीतला अर्थ, कायद्यातला अर्थ आणि दाखल्यावरचा अर्थ

तळटीप
बालकांच्या योजनांची माहितीपत्रके मराठीत लिहिताना दर वेळी एकाच शब्दाशी अडायला होते: अनाथ. चार मुले डोळ्यांसमोर आणा.

पहिल्याचे आई-वडील दोघे वारलेत, तो आजीकडे वाढतोय. दुसऱ्याचे वडील वारले, आईने दुसरे लग्न केले आणि मूल मामाकडे ठेवले. तिसरे एसटी स्टँडवर सापडले, आई-वडील कोण याचा पत्ता नाही. चौथ्याची आई हयात आहे, पण तिने त्याला रीतसर बाल कल्याण समितीकडे सोपवले आहे.

गावात चौघांनाही 'बिचारं अनाथ आहे' म्हणतात. अर्जात 'अनाथ आहे काय? होय/नाही' असा रकाना असतो, तिथे कोणी काय लिहायचे? जाणकारांनी सविस्तर लिहावे. 'ज्याला कोणी नाही तो' एवढेच उत्तर नको, त्यानेच तर घोळ होतो.

कलम_आणि_पोटकलम
केंद्राच्या कायद्यापासून सुरुवात करू. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. कलम २ मध्ये व्याख्या आहेत आणि तिथे तीन वेगळी खाती केली आहेत.

अनाथ, पोटकलम ४२. याचे दोन भाग आहेत. एक, ज्याला जन्मदाते किंवा दत्तक आई-वडील वा कायदेशीर पालक नाहीत असे मूल. दोन, ज्याचा कायदेशीर पालक त्याचा सांभाळ करायला तयार नाही किंवा समर्थ नाही असे मूल. हा दुसरा भाग बहुतेक जण वाचतच नाहीत.

परित्यक्त, पोटकलम १. आई-वडिलांनी किंवा पालकांनी टाकून दिलेले आणि चौकशीअंती समितीने तसे घोषित केलेले मूल. घोषणा होईपर्यंत ते फक्त 'सापडलेले' असते.

समर्पित, पोटकलम ६०. आपल्या हाताबाहेरच्या शारीरिक, मानसिक वा सामाजिक कारणांमुळे आई-वडिलांनी वा पालकांनी समितीकडे सोडून दिलेले मूल. कलम ३५ प्रमाणे त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. तेवढ्यात मन बदलले तर मूल परत नेता येते.

म्हणजे तुमचे पहिले मूल अनाथ, तिसरे परित्यक्त, चौथे समर्पित. दुसऱ्यावर वाद होऊ शकतो, त्याबद्दल खाली लिहितो. या चौघांनाही पोटात घेणारी मोठी संज्ञा आहे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक', पोटकलम १४. माहितीपत्रकात सरसकट काही लिहायचेच असेल तर ती वापरा. लांबलचक आहे, पण चुकीची नाही.

जुनी_वही
कायद्याचे ठीक आहे, पण शब्दाचा पसारा त्याहून जुना आहे. नाथ म्हणजे धनी, पाठीराखा. ज्याच्या डोक्यावर तो हात नाही तो अनाथ, मग वय कितीही असो. विठोबाला 'अनाथांचा नाथ' म्हणतात तेव्हा त्यात अठरा वर्षांखालचीच मुले मोजलेली नसतात. बेवारस मृतदेहाचा अंत्यविधी करणे याला आजही 'अनाथ प्रेतसंस्कार' म्हणतात. त्या मृताच्या आई-वडिलांशी त्या शब्दाचा काही संबंध नाही.

संस्थांची नावे बघा. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात 'अनाथ बालिकाश्रम' काढला. नाव वाचून आज कोणालाही वाटेल की आई-बाप नसलेल्या मुलींचे वसतिगृह. तो आश्रम विधवांसाठी होता. त्या काळच्या समाजात बालविधवेचा 'नाथ' गेला म्हणून ती अनाथ. पुण्यातच १९०९ मध्ये 'अनाथ विद्यार्थी गृह' सुरू झाले, पुढे त्याचे 'पुणे विद्यार्थी गृह' झाले. तिथला अनाथ म्हणजे शिकायची इच्छा असलेला पण आधार नसलेला गरीब विद्यार्थी. जुने अहवाल, पत्रव्यवहार, मृत्युपत्रे वाचताना हे ध्यानात ठेवले नाही तर माणूस हमखास फसतो.

आई-वडील नसलेले मूल हा नेमका अर्थ बोलीत खरे तर 'पोरका' हा शब्द पेलतो. मात्र पोरका भावनेकडे झुकतो. पुढारी गेला की 'कार्यकर्ते पोरके झाले' असे मथळे येतात. म्हणून तो अर्जात चालत नाही. व्याकरणाचा भाग म्हणजे पोरका विकारी आहे (पोरका, पोरकी, पोरके), अनाथ तसाच राहतो. 'अनाथी मुलगी' असे अधूनमधून छापलेले दिसते, ते चूक.

मुद्रितशोधक
जुनी_वही, बालिकाश्रमाचा दाखला चपखल.

'निराधार' या शब्दाचीही अशीच गत आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतला निराधार वेगळा. त्यात विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी असे कितीतरी येतात आणि अनाथ मुलेही येतात. त्यामुळे निराधार आणि अनाथ एकाच ओळीत समानार्थी म्हणून टाकू नयेत.

आणि 'बेवारस अर्भक' हा बातमीतला लाडका शब्दप्रयोग तर आधी बंद व्हायला हवा. वारस हा मालमत्तेचा असतो. सापडलेले मूल 'बेवारस' कसे काय? बेवारस बॅग असते.

कारकुनी_कावा
आता महाराष्ट्रातल्या दाखल्याचे बघू, कारण प्रत्यक्षात भांडण तिथे असते.

२०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आणले. शासन निर्णय २ एप्रिल २०१८ चा. तेव्हा ते खुल्या प्रवर्गातून होते. संस्थेत वाढलेल्या मुलाला स्वतःची जात माहीत नाही, म्हणून जातीचा दाखला नाही, म्हणून कोणत्याच राखीव प्रवर्गात जागा नाही, हा त्यामागचा मूळ प्रश्न. ऑगस्ट २०२१ मध्ये अ, ब, क असे तीन गट पाडले. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ते मोडून दोनच प्रकार ठेवले:

संस्थात्मक: वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी आई-वडील वारलेले आणि शासनमान्य संस्थेत वाढलेले.
संस्थाबाह्य: वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी आई-वडील वारलेले आणि संस्थेबाहेर, नातेवाइकांकडे वाढलेले.

दोन्हींत 'आई-वडील वारलेले' ही अट समान आहे. म्हणजे केंद्राच्या कायद्यातला तो दुसरा भाग, पालक हयात आहे पण सांभाळत नाही, या व्याख्येत बसत नाही. तळटीप यांच्या यादीतले दुसरे मूल इथेच अडकते. समितीपुढे त्याची बाजू मांडता येईल, पण दाखल्याच्या खिडकीवर 'आईचा मृत्यू दाखला आणा' असेच उत्तर मिळेल.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात करायचा, दाखला विभागीय उपायुक्तांच्या सहीने येतो. नोकरीत या आरक्षणातून निवड झाली की आधी नेमणूक तात्पुरती असते आणि दाखल्याची पडताळणी पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयाकडून होते. जुन्या गटाचा दाखला हातात असेल तर जाहिरात यायची वाट बघू नका, आधीच कार्यालयात जाऊन नव्या प्रकाराप्रमाणे करून घ्या.

पाऊलखुणा
आईने दुसरे लग्न केले म्हणजे त्या मुलाला काहीच नाही का?

कारकुनी_कावा
आहे की. बालसंगोपन योजना, आताचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. दरमहा २,२५० रुपये, वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत. तिला अनाथपण लागतच नाही. एक पालक गेलेला, पालक तुरुंगात, दुर्धर आजारी, विभक्त, ही सगळी मुले त्यात येतात. अर्ज त्याच जिल्हा कार्यालयात, आदेश बाल कल्याण समितीचा.

लोक 'अनाथ' शब्दाच्या मागे लागून दाखल्यासाठी हेलपाटे घालतात आणि इथला अर्ज राहून जातो. मामाने आधी हा अर्ज करावा, मग बाकीचे.

कलम_आणि_पोटकलम
त्या दुसऱ्या मुलाबद्दल थोडे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे वडिलांनंतर आई ही नैसर्गिक पालक. दुसरे लग्न केले म्हणून तिचे पालकत्व आपोआप जात नाही. आता बाल न्याय कायद्यातल्या 'कायदेशीर पालक'मध्ये नैसर्गिक पालक असलेली आई धरायची का? 'जन्मदाते आई-वडील' असा वेगळा उल्लेख त्याच व्याख्येत आधी आला असल्याने दोन्ही बाजूंनी बोलता येते. माझ्या मते अशा मुलाला अनाथ ठरवण्याचा हट्ट धरण्यात हशील नाही. 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले' एवढे ठरले तरी समितीला आदेश देता येतो.

जुनी_वही
हशील नाही कसे? आरक्षण तर 'अनाथ' शब्दालाच चिकटलेले आहे. मामाकडच्या त्या पोराने पुढे भरतीत काय करायचे?

कलम_आणि_पोटकलम
ते मान्य. पण ती राज्याच्या निर्णयातली मर्यादा आहे. समितीच्या आदेशाने ती ओलांडता येत नाही.

मोजपट्टी
आकडेवारी वाचणाऱ्यांसाठी एक इशारा. युनिसेफ आणि इतर आंतरराष्ट्रीय संस्था १८ वर्षांखालच्या, कोणत्याही कारणाने एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलाला अनाथ धरतात. त्यांच्या हिशेबात आई वारलेले, वडील वारलेले आणि दोन्ही वारलेले असे पोटप्रकार आहेत. २०१५ साठी त्यांनी जगभरात जवळपास १४ कोटी अनाथ सांगितले, त्यात दोन्ही पालक गमावलेले सुमारे १ कोटी ५१ लाख. म्हणजे दहांतल्या जवळपास नऊ मुलांची आई किंवा वडील हयात आहेत.

मराठी बातमीत तो १४ कोटींचा आकडा 'अनाथ' म्हणून येतो आणि वाचणाऱ्याच्या मनात आई-बाप दोन्ही नसलेली मुले उभी राहतात. भाषांतर करताना 'एक किंवा दोन्ही पालक गमावलेली' असे पूर्ण लिहा, जागा जाईल तेवढी जाऊ द्या.

कोविडच्या योजनांची व्याख्या पुन्हा तिसरीच होती. पीएम केअर्स फॉर चिल्ड्रनमध्ये ११ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ या काळात दोन्ही पालक, किंवा हयात असलेला एकमेव पालक, किंवा कायदेशीर वा दत्तक पालक कोविडने गमावलेली मुले धरली. वडील २०१५ मध्ये अपघातात गेले आणि आई कोविडने, असे मूल त्यात बसते. एकच पालक कोविडने गेला आणि दुसरा हयात आहे, ते नाही.

टर्मिनल
विषयांतर होतेय, पण राहवत नाही. लिनक्समध्ये पालक प्रोसेस आधी संपली आणि तिने सुरू केलेली प्रोसेस चालूच राहिली तर तिला ऑर्फन म्हणतात. साधारणपणे क्रमांक १ ची प्रोसेस तिला आपोआप दत्तक घेते. चौकशी नाही, समिती नाही, दाखला तर नाहीच.

मुद्रितशोधक
छपाईतही आहे. परिच्छेदाची पहिलीच ओळ पानाच्या तळाशी एकटी राहिली तर ऑर्फन, शेवटची ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर गेली तर विडो. मराठी डीटीपीवाले दोन्हींना 'ओळ सुटली' म्हणतात आणि मोकळे होतात. असो, मूळ धाग्यावर येऊ.

सावली
तिसऱ्या मुलाबद्दल, म्हणजे सापडलेल्या मुलाबद्दल कोणी नीट लिहिले नाही, म्हणून लिहिते. इथे शब्दाची चूक महागात पडते.

मूल सापडले की १०९८ किंवा ११२ वर फोन करायचा, किंवा पोलीस ठाण्यात कळवायचे. २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मूल बाल कल्याण समितीपुढे हजर झाले पाहिजे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. कळवलेच नाही तर तो बाल न्याय कायद्याच्या कलम ३४ खाली गुन्हा आहे (पुढची कलमेही त्याच कायद्याची), सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. 'आम्ही चांगलेच सांभाळत होतो' हे उत्तर चालत नाही.

त्यानंतर पालकांचा शोध सुरू होतो. मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर हजर केल्यापासून दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत समितीने ते दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त आहे की नाही हे ठरवायचे. निर्णयाला किमान तीन सदस्य लागतात. त्याआधी कोणीही त्याला 'अनाथ' म्हणून कोणाच्या हवाली केले तर ते दत्तक नव्हेच. कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पैसे घेतले तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'दोन दिवसांचे अनाथ बाळ, कोणाला हवे असल्यास संपर्क करा' असे व्हॉट्सअॅप निरोप सगळ्यांनी पुढे ढकलले. असा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका, १०९८ ला कळवा. सोबत फोटो असेल तर कलम ७४ पण लागते, मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे.

दत्तकाचा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. एकदा आदेश झाला की ते मूल अनाथ उरत नाही, व्याख्येतच 'दत्तक आई-वडील' हा शब्द आहे. तरी शाळेच्या रजिस्टरात शेरा म्हणून 'अनाथ, दत्तक' असे लिहून ठेवलेले आढळते. पालकांनी तो शेरा काढायला लावावा.

पाऊलखुणा
पहिल्या मुलाचे बघा ना कोणीतरी. आजीकडे आहे, दोघांचे मृत्यू दाखले आहेत, तरी अर्ज परत येतात. का?

कारकुनी_कावा
बहुतेकदा नावातल्या तफावतीमुळे. मृत्यू दाखल्यावर 'रामभाऊ', शाळेच्या दाखल्यावर 'रामचंद्र', आधारवर आणखी काही. आईचे एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि गावचा रहिवासी दाखला आधीच जोडा, त्रुटीचे पत्र यायची वाट बघू नका.

दुसरे कारण, मृत्यूची नोंदच नाही. ऊसतोडीला गेलेल्या किंवा शेतावर वारलेल्या माणसाची नोंद राहून जाते. एक वर्ष उलटले की ग्रामपंचायत परस्पर नोंद करू शकत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. पूर्वी यासाठी कोर्टात जावे लागे, आता प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करा.

तिसरे आणि सगळ्यात चिवट कारण म्हणजे एक पालक वारला आणि दुसरा परागंदा आहे. सात वर्षे ज्यांना कळायला हवे होते त्यांना त्याची काही खबर नसेल तर मृत्यू गृहीत धरता येतो, भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १११, जुन्या पुरावा कायद्यातले १०८. पण सात वर्षे भरली म्हणून दाखला आपोआप मिळत नाही, दिवाणी न्यायालयाची घोषणा लागते. म्हणून माणूस हरवल्याची पोलिसांत नोंद पहिल्याच आठवड्यात करावी, पुढे तारीख सिद्ध करायला तोच कागद उपयोगी पडतो.

आणि मृत्यूची तारीख मुलाच्या अठराव्या वाढदिवसाच्या आधीची हवी. मूल १८ वर्षे २ महिन्यांचे असताना दुसरा पालक गेला तर बोलीत ते पोरकेच, पण दाखला मिळत नाही.

सावली
आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के प्रवेशात मात्र हा दाखलाच हवा असे नाही. तिथे अनाथ बालके वंचित गटात येतात, म्हणून उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. संस्थेत असेल तर संस्थेची कागदपत्रे, नातेवाइकांकडे असेल तर सांभाळ करणाऱ्याचे हमीपत्र.

पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा नसेल तर डिसेंबर २०१६ पासून संस्थाप्रमुखाचे त्यांच्या लेटरहेडवरचे जन्मतारखेबाबतचे निवेदन चालते. वयाचा वाद समितीपुढे आला तर क्रम ठरलेला आहे, बाल न्याय कायद्याचे कलम ९४: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर जन्म दाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. थेट चाचणीला पाठवत असतील तर हरकत घ्या.

तळटीप
छान माहिती जमते आहे. 'अनाथाश्रम' लिहावे का? आणि १८ नंतर काय म्हणायचे?

मुद्रितशोधक
संस्थेच्या नोंदणीकृत नावात असेल तर तसेच ठेवा, नाव बदलायचा अधिकार आपला नाही. पंढरपूरच्या १८७५ पासूनच्या संस्थेच्या नावात 'बालकाश्रम' आहे, तर तेच. पण प्रकार म्हणून लिहिताना आजचे शब्द: बालगृह, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शिशुगृह किंवा विशेष दत्तक संस्था आणि १८ नंतर अनुरक्षण गृह. निरीक्षण गृह पूर्ण वेगळे, ते कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी. बातमीदार 'रिमांड होम' म्हणून या सगळ्यांची एकच मोट बांधतात.

'अनाथ मुलगा दहावीत पहिला' असा मथळा देताना विचार करा की तो शब्द तिथे माहिती देतो की नुसता गहिवर आणतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मधल्या तत्त्वांत कलंक लावणारी भाषा टाळावी असे स्पष्ट आहे. अर्जात शब्द लागतोच, तिथे लिहा. स्नेहसंमेलनाच्या फलकावर कशाला?

बांधावरून
जमिनीचे कोणीच लिहिले नाही आणि गावात पहिला डोळा तिकडेच असतो.

आई-वडील गेले की मुलाची वारस नोंद करून घ्या. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे, काम तेच. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' असे येते, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि पुढे सांभाळणाऱ्याचे नाव. त्या तीन अक्षरांवरून चुलते-आजोबा स्वतःला मालक समजतात. अ.पा.क. असणारा मालक नसतो आणि आजी, काका, मामा यांच्यापैकी कोणीही नैसर्गिक पालकही नसतो. नुसते सांभाळतो म्हणून अज्ञानाची जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नाही, १९५६ च्या कायद्याचे कलम ११. खरोखर गरज असेल तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली जिल्हा न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक घ्यायची आणि विक्रीसाठी न्यायालयाची वेगळी परवानगी.

मूल १८ चे झाले की वयाचा पुरावा जोडून अ.पा.क. शेरा कमी करण्याचा अर्ज त्याने स्वतः करायचा. तो शेरा आपोआप जात नाही. तिशी ओलांडलेल्या खातेदारांच्या नावापुढेही तो तसाच पडून असतो आणि पीककर्जाच्या वेळी बँक तेवढ्यावरून प्रकरण परत पाठवते.

तळटीप
अ.पा.क.चा मुद्दा पुस्तिकेत घेतो. रकाना आता असा करतोय: 'आई हयात आहे/नाही/माहीत नाही', 'वडील हयात आहेत/नाहीत/माहीत नाही', 'सध्या सांभाळ कोण करते', 'समितीचा आदेश क्रमांक असल्यास'. 'अनाथ आहे काय' हा प्रश्न काढून टाकला. कोणाला आणखी काही सुचत असेल तर रविवारपर्यंत लिहा, सोमवारी छपाईला जाते.

कारकुनी_कावा
'माहीत नाही'च्या पुढे 'कधीपासून' हा रकाना घाला. सात वर्षांच्या हिशेबाला लागेल.